मधले नाव

आपल्या महाराष्ट्रात माणसाचे नाव तीन खणी असते. पहिल्या खणात तो स्वतः राहतो, तिसऱ्यात त्याचे घराणे किंवा गाव राहते आणि मधल्या खणात वडील. शाळेच्या दाखल्यावर, रेशनकार्डावर, मतदारांच्या यादीत, इतकेच काय पण लग्नपत्रिकेवरसुद्धा वडील हे असे मध्ये बसलेले असतात. जुन्या वाड्यात ओसरी आणि परसदार यांच्यामध्ये माजघर असे, तसे. आल्यागेल्याला ते दिसत नाही, पण घरात शिरायचे तर त्यातून गेल्यावाचून गत्यंतर नसते.

गेली वीस वर्षे मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. दर जूनमध्ये नव्या वर्गाची हजेरी पहिल्या दिवशी मी पूर्ण नावाने घेतो. त्यात माझा थोडा स्वार्थ असतो. शंभर मुलांची नावे वाचली, की शंभर बापांचीही ओळख होते. या मधल्या खणात दत्तात्रय असतात, पांडुरंग असतात, अब्दुल असतात, हल्ली राजेश आणि संतोषही फार झाले आहेत. ही सारी मंडळी तेथे गुपचूप बसलेली असतात. मुलगा ‘हजर’ म्हणतो, बाप काही बोलत नाही, आणि मी पुढच्या नावाकडे वळतो.

पण एखाद्या वर्षी मधल्या खणात असा एखादा गृहस्थ निघतो, की ते नाव वाचताच सारा वर्ग मान वळवून पाहू लागतो. पाहतो तो मुलाकडे, परंतु शोधतो बापाला. नाक तसेच आहे का, उंची तेवढीच आहे का, आवाज तसा आहे का. त्या मुलाने अजून एक शब्दही उच्चारलेला नसतो आणि त्याची अर्धी परीक्षा होऊन गेलेली असते. प्रसिद्ध माणसाच्या पोटी जन्माला येणे म्हणजे काय, हे मला अशा वेळी त्या पोराच्या खाली गेलेल्या मानेवरून कळते.

खरे सांगायचे तर ते मला घरूनही थोडेफार ठाऊक आहे. माझे वडील आमच्या तालुक्याच्या गावी छत्तीस वर्षे मराठीचे शिक्षक होते. त्यांची प्रसिद्धी जिल्ह्याच्या हद्दीबाहेर फारशी गेली नाही, पण हद्दीच्या आत ती अशी काही पसरली होती, की एसटीचा कंडक्टर माझ्याकडून सुटे पैसे मागत नसे, आणि न्हावी माझे केस कापता कापता वडिलांनी शिकवलेली संधीची सूत्रे म्हणून दाखवीत असे. पुढे मीही मराठीच घेतले, मीही शिक्षकच झालो. तेव्हापासून आजतागायत कोणत्याही सभेत माझी ओळख ‘सरांचे चिरंजीव’ अशी करून दिली जाते. चाळिशी उलटून गेलेल्या, डोक्याचे केस विरळ झालेल्या माणसाला ‘चिरंजीव’ म्हणताना बोलणाऱ्याला काही वाटत नाही. व्याख्यान रंगले, तर लोक म्हणतात, ‘शेवटी मुलगा कुणाचा!’ आणि पडले, तर म्हणतात, ‘वडिलांची सर नाही.’ म्हणजे जमा सगळी वडिलांच्या खात्यावर आणि नावे सगळे माझ्या.

याबद्दल माझी तक्रार नाही. वडिलांवर माझा जीव आहे. अडचण निराळीच आहे. आमच्या धंद्यात मोजमाप नाही. मी वर्गात कविता चांगली शिकवली की वाईट, याचा फलक कुठे लागत नाही. वडिलांपेक्षा मी दोन बोटे वर आहे की चार बोटे खाली, हे सांगणारी पट्टी कुठल्याच दुकानात मिळत नाही. त्यामुळे मी माझ्या पायांवर उभा आहे की अजून त्यांच्या खांद्यावर बसलो आहे, याचा निवाडा करायचा कुणी?

म्हणूनच की काय, मैदानावरच्या माणसांचा मला लहानपणापासून हेवा वाटत आला आहे. आमच्या घरी वर्तमानपत्र आले की वडील अग्रलेख वाचीत आणि मी शेवटच्या पानावरचा धावफलक वाचीत असे. त्या धावफलकात एक मोठी गंमत मला फार उशिरा दिसली. आपल्याकडचे खेळाडू तेथे आद्याक्षरांनी उतरत. एस. एम. गावसकर. एस. आर. तेंडुलकर. तो मधला ‘एम.’ म्हणजे मनोहर आणि तो ‘आर.’ म्हणजे रमेश. दाखल्यावर अख्खा खण अडवून बसलेला बाप धावफलकावर एका अक्षराएवढा उरतो! पुढे ज्या धावा लिहिलेल्या असतात, त्या त्या अक्षराच्या नसतात. त्या पहिल्या अक्षराच्या असतात.

याचे सर्वांत चांगले उदाहरण मला मांजरेकरांच्या घरात सापडते. व्ही. एल. मांजरेकर म्हणजे विजय लक्ष्मण मांजरेकर. १९५२ साली लीड्सला त्यांनी १३३ धावा काढल्या, तेव्हा ते जेमतेम वीस वर्षांचे होते. पंचावन्न कसोटी सामन्यांत ३,२०८ धावा, सात शतके, सरासरी ३९.१२. जलद गोलंदाजीपुढे भल्याभल्यांचे पाय लटपटत अशा काळात हा माणूस चेंडूच्या रेषेत उभा राहत असे. त्यांचा शेवटचा कसोटी सामना १९६५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मद्रासला न्यूझीलंडविरुद्ध झाला, आणि त्यातही ते शतक काढून नाबाद राहिले. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांना मुलगा झाला. म्हणजे बापाची बॅट कसोटीच्या मैदानावरून घरात आली आणि मागोमाग मुलगा घरात आला. वडिलांचा एकही कसोटी सामना संजयने कधी पाहिला नाही. त्याने पाहिली ती त्यांची कीर्ती, आणि कीर्ती उतरणीला लागल्यावर घरी बसलेला माणूस. वडिलांविषयी आपल्या मनात धाकच अधिक होता, असे संजय मांजरेकर यांनी २०१७ सालच्या आपल्या आत्मकथनात मोकळेपणाने लिहिले आहे.

१९८३ च्या ऑक्टोबरमध्ये विजय मांजरेकर गेले. चार वर्षांनी, १९८७ च्या नोव्हेंबरात, दिल्लीला वेस्ट इंडिजविरुद्ध संजय पहिला कसोटी सामना खेळायला उतरला. मांजरेकर हे नाव जवळजवळ दोन तपांनी पुन्हा कसोटीच्या फलकावर लागले. या वेळी ‘व्ही.’ मध्ये गेला होता. आणि काय झाले? विन्स्टन बेंजामिनचा चेंडू तोंडावर बसला आणि पोराला जखमी होऊन परतावे लागले.

मी या प्रसंगाचा पुष्कळ विचार केला आहे. विजय मांजरेकरांचा मुलगा म्हणून लोकांनी त्याच्याकडे पाहिले असेल, त्याच्या बचावात बापाची लकब शोधली असेल. पण विन्स्टन बेंजामिनच्या हातून सुटलेल्या त्या चेंडूला यातले काही ठाऊक नव्हते. तो कुणाच्या वडिलांना विचारून उसळत नाही. लागायचे ते त्याला एकट्यालाच लागले. मला वाटते, माणूस स्वतंत्र होतो तो अशा वेळी. शतक पुढे येते. आधी येतो हा एकट्याने सोसायचा मार. त्यात वाटेकरी नसतो.

शतकही आले. १९८९ च्या एप्रिलमध्ये बार्बाडोसच्या ब्रिजटाऊनला, मार्शल, अँब्रोज, वॉल्श आणि बिशप या चौघांसमोर, त्याने १०८ धावा काढल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस पाकिस्तानात चार कसोटी सामन्यांत ५६९ धावा, लाहोरला २१८. पुढे त्याची कारकीर्द सदतीस कसोटींवर थांबली. २,०४३ धावा आणि सरासरी ३७.१४.

आता हिशेबी वाचक लगेच वजाबाकी करील. बाप ३९.१२, मुलगा ३७.१४, म्हणजे दोन धावा कमी पडल्या! आपल्या समाजाला ही वजाबाकी फार आवडते. मुलगा बापाच्या पुढे गेला की मागे राहिला, एवढेच आपण विचारतो. पण माझ्या मते ही बेरीज-वजाबाकी मुळातच चुकीची मांडली आहे. मला तर त्या दोन आकड्यांचे असे मोजता येणे हीच केवढी मोठी सुटका वाटते. ३७.१४ हा आकडा संजयचा आहे. तो चांगला म्हणा, अपुरा म्हणा, पण त्यातली एकही धाव विजयरावांच्या खात्यातून आलेली नाही. माझ्याजवळ असा एक आकडा असता, तर वडिलांच्या आकड्यापेक्षा तो निम्मा निघाला असता तरी मी तो चौकटीत लावून भिंतीवर टांगला असता.

मात्र फलकावर नाव लागेपर्यंतची वाट साधी नसते. तेथवर जाताना वडिलांचे नाव पुढे पुढे धावते. दार ते उघडते, आणि दार उघडले हे दिसले की लोक म्हणतात, ‘उघडणारच!’ म्हणून काही मुले गावच बदलतात. सुनील गावसकरांचा रोहन मुंबई सोडून बंगालकडून रणजी खेळला. वडील उजव्या हाताने खेळणारे, हा डावखुरा. नावसुद्धा वेस्ट इंडिजच्या रोहन कन्हायवरून ठेवलेले. २००४ साली तो भारताकडून अकरा एकदिवसीय सामने खेळला, कसोटी सामना काही त्याच्या नशिबी आला नाही. पण प्रथम श्रेणीच्या सामन्यांत त्याने जवळजवळ सात हजार धावा केल्या आहेत. तुमच्या-माझ्या घरात कुणी एवढ्या धावा केल्या असत्या, तर गल्लीच्या तोंडाशी कमान उभारली असती. त्याच्या घरात कसोटीच्या १०,१२२ धावा आधीच येऊन बसल्या होत्या, त्याला तो बिचारा काय करणार! तरीही कोलकात्याच्या मैदानावर उन्हात उभे राहून मिळवलेल्या त्या सात हजार धावा त्याच्या एकट्याच्या आहेत.

सचिन तेंडुलकरच्या अर्जुनानेही तेच केले. मुंबई सोडून तो गोव्याकडे गेला. २०२२ च्या डिसेंबरात पर्वरीच्या मैदानावर राजस्थानविरुद्ध रणजीच्या पहिल्याच सामन्यात त्याने १२० धावा काढल्या. मुळात हा डावखुरा जलद गोलंदाज, फलंदाजी हे त्याचे दुसरे काम. दुसऱ्या दिवशी जिकडे तिकडे बातमी झळकली ती अशी, की १९८८ च्या डिसेंबरात वडिलांनीही रणजीच्या पहिल्या सामन्यात शतक ठोकले होते. शतक मुलाचे आणि आठवण बापाची! शंभर धावा करूनही मधला खण रिकामा होत नाही, तो असा.

पण याच घराण्यात एक पिढी मागे गेलो, तर निराळे दृश्य दिसते, आणि मराठीचा मास्तर म्हणून ते सांगण्याचा मोह मला आवरत नाही. रमेश तेंडुलकर हे कवी होते आणि मराठीचे प्राध्यापक होते. वांद्र्याच्या साहित्य सहवासात, लेखक-कवींच्या शेजारात, त्यांचा संसार होता. मराठी वाचणाऱ्या माणसांना त्यांचे नाव माहीत होते. त्यांच्या घरातला धाकटा मुलगा, ज्याचे नाव सचिन देव बर्मन यांच्यावरून ठेवले होते, तो बॅट घेऊन शिवाजी पार्कवर गेला. तेथे कवितेला कोण विचारतो? वडिलांचे नाव ज्या चलनात मोठे होते, ते चलन त्या मैदानावर चालतच नव्हते. मुलाला सगळी कमाई पहिल्या पैशापासून करावी लागली, आणि वडिलांनी ती करू दिली. क्रिकेटसाठी त्याची शाळा बदलली, त्याला काका-काकूंच्या घरी राहायला पाठवले. पण तू माझ्यासारखा हो, असे म्हटले नाही. एका प्राध्यापकाने हे करावे, याचे मोल मला अधिक वाटते. कारण आम्हां शिक्षकांना दुसऱ्याच्या वहीत आपले अक्षर उमटवण्याची फार वाईट खोड असते.

१९ मे १९९९ रोजी रमेश तेंडुलकर गेले. विश्वचषक इंग्लंडमध्ये चालू होता. सचिन अंत्यसंस्कारांसाठी मुंबईला आला, परत गेला, आणि २३ मे रोजी ब्रिस्टलला केनियाविरुद्ध त्याने नाबाद १४० धावा काढल्या. शतक पूर्ण झाल्यावर त्याने आकाशाकडे पाहिले. तोवर साऱ्या जगात ‘तेंडुलकर’ म्हणजे सचिन झाला होता. त्याचे मधले अक्षर कशाचे, असे कुणी विचारलेही नसते. तो मात्र विसरला नव्हता.

महाराष्ट्राबाहेर पुष्कळ ठिकाणी असा मधला खण कागदावर नसतो. पण म्हणून तेथल्या मुलांची सुटका झाली, असे समजू नका. हॉकीचे ध्यानचंद यांच्या मुलाचे नाव अशोककुमार. त्यात ना ‘ध्यान’, ना ‘चंद’. तरी त्याने हातात काठी धरली, की प्रेक्षकांना बापाची काठी दिसे. ध्यानचंद यांची तीन ऑलिंपिक सुवर्णपदके, १९२८ चे अ‍ॅमस्टरडॅम, १९३२ चे लॉस एंजेलिस आणि १९३६ चे बर्लिन. यांच्यापुढे मुलाने कुठे उभे राहावे? १५ मार्च १९७५ रोजी क्वालालंपूरला विश्वचषकाचा अंतिम सामना होता. समोर पाकिस्तान. एक गोल मागे पडून भारताने बरोबरी साधली होती. अशोककुमारने मारलेला चेंडू गोलखांबाच्या आतल्या कोपऱ्यावर आपटून बाहेर आला. पाकिस्तानचे खेळाडू हुज्जत घालू लागले, पंचांनी गोल दिला, भारत २-१ असा जिंकला. भारताच्या पुरुष संघाला हॉकीचा विश्वचषक आजवर तेवढा एकदाच मिळाला आहे. ही स्पर्धाच १९७१ साली सुरू झाली, त्यामुळे ध्यानचंद यांच्या कपाटात ती वस्तू असणे शक्यच नव्हते. वडिलांच्या पदकांच्या रांगेत मुलाने चौथे पदक ठेवले नाही, शेजारी निराळीच वस्तू आणून ठेवली. ध्यानचंद त्या वेळी हयात होते.

आणि मिल्खासिंगांच्या मुलाने तर खेळच बदलला. १९६० साली रोमला ४५.६ सेकंदांत चारशे मीटर धावून मिल्खासिंग चौथे आले, आणि त्या पाऊण मिनिटाची हळहळ त्यांना जन्मभर पुरली. मुलाने निवडला गोल्फ, जेथे कुणी पळत नाही आणि एक स्पर्धा चार दिवस चालते! २००६ साली स्पेनमधल्या वाल्डेरामाच्या मैदानावर त्याने युरोपातली मोठी स्पर्धा जिंकली, दुसऱ्या वर्षी त्याला पद्मश्री मिळाली. वडिलांना ती १९५९ सालीच मिळाली होती. पण मला मौज वाटते ती त्याच्या नावाची. जगभर तो ‘जीव मिल्खासिंग’ या नावाने ओळखला जातो. चंडीगढला जन्मलेल्या माणसाने आपल्या मराठी रीतीप्रमाणे वडिलांना मधे बसवून घेतले आहे! बापाच्या वाटेवरून इतक्या लांब गेलेल्या मुलाला बापाचे नाव मधे ठेवायला भीती वाटत नाही.

ही सारी मोठी माणसे झाली. ज्या मुलीमुळे हे विचार माझ्या डोक्यात घोळू लागले, तिचे नाव तुम्ही ऐकलेले नाही आणि मी सांगणारही नाही. चार वर्षांपूर्वी ती माझ्या वर्गात आली. हजेरीत मधले नाव वाचले आणि मागच्या बाकावरची मुले सावरून बसली. तिचे वडील कबड्डीतले नामांकित खेळाडू. त्यांनी घोटा धरला की चढाई करणारा गडी परत जात नसे, असे आमच्या भागात अजून सांगतात. मुलीनेही शाळेत कबड्डी खेळून पाहिली होती. अकरावीत सोडली आणि लांब पल्ल्याचे धावणे सुरू केले.

एकदा वर्ग संपल्यावर मी तिला सहज विचारले, “कबड्डी का गं सोडलीस? घरात एवढी विद्या असताना?”

ती म्हणाली, “सर, कबड्डीत मी चांगली पकड केली की सगळे म्हणायचे, रक्तातच आहे. आणि सुटली की म्हणायचे, अरेरे. घड्याळाला वडील कळत नाहीत, म्हणून धावते.”

मी वीस वर्षे अलंकार शिकवतो आहे, पण इतके स्वच्छ वाक्य मला सुचले नसते.

पाच हजार मीटर म्हणजे मैदानाला साडेबारा फेऱ्या. पहाटे साडेपाचला ती मैदानावर असे. तिचे वडीलही येत, पण आत येत नसत. कुंपणाबाहेर चहाची टपरी आहे, तिच्या आडोशाला स्कूटर लावून ते उभे राहत. आत आले, की जुने लोक भोवती जमतात, जुन्या सामन्यांच्या गोष्टी निघतात, आणि मैदानावर धावणारी मुलगी बाजूला राहते, हे त्यांच्या ध्यानात आले होते. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात दुसऱ्याला मध्यरेषेपलीकडे जाऊ दिले नाही, तो माणूस स्वतः रेषेबाहेर उभा राहायला शिकला. मुलांच्या स्वातंत्र्याविषयी बोलताना आपण हे विसरतो. अर्धे स्वातंत्र्य मुलाला मिळवावे लागते हे खरे, पण अर्धे बापाला सोडावे लागते, आणि ते सोडताना कुणी टाळ्या वाजवीत नाही.

तिसऱ्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत ती अठरा मिनिटे नऊ सेकंदांत पहिली आली. ध्वनिक्षेपकावर पूर्ण नाव पुकारले गेले. तिने मला नंतर एक प्रश्न विचारला आणि मी निरुत्तर झालो. “सर, लग्न झाल्यावर माझं मधलं नाव बदलेल. पण या यादीत हेच राहील ना?” मुलांना जो पेच एकदा पडतो, तो आपल्याकडे मुलींना दोनदा पडतो, हे तोवर माझ्या मनातच आले नव्हते. बापाच्या नावातून वाट काढावी, तो दुसरे नाव मधल्या खणात येऊन बसते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत वडिलांच्या आधी आईचेही नाव घालण्याचा नियम महाराष्ट्रात झाला आहे. उत्तम झाले. मधल्या खणात आता दोघे बसतील. म्हणजे प्रसिद्ध आयांच्या मुलांनाही पुढे हाच निबंध लागू पडेल. पण त्या दिवशी मी तिला एवढेच सांगितले, की यादीत आहे तेच राहील. वेळही तीच राहील.

त्यानंतर पंधरा दिवसांनी तिचे वडील तिच्या कसल्याशा अर्जावर सही करायला महाविद्यालयात आले. दारावर नवा शिपाई होता, बाहेरगावचा. त्याने विचारले, “कोण आपण?” यांनी आपले नाव सांगितले. त्या नावासाठी एके काळी चार जिल्ह्यांतून माणसे बैलगाड्या, ट्रक करून येत असत. शिपाई म्हणाला, “काय काम आहे?” तेव्हा यांनी मुलीचे नाव घेतले. शिपाई एकदम उठला. “त्या धावणाऱ्या ताईंचे वडील का? अहो, मग बसा ना!” असे म्हणून त्याने आपलीच खुर्ची पुढे केली.

ही हकिकत त्यांनी मला शिक्षकांच्या खोलीत येऊन सांगितली. मग चहा आल्यावर पुन्हा एकदा सांगितली. जाताना जिन्यात आमचे एक सहकारी भेटले, त्यांनाही सांगितली. तीनही वेळा खुर्चीचा भाग आला, की ते हसत आणि घोट्यावर हात ठेवतो तसा गुडघ्यावर हात ठेवीत. माणसाला आपले सारे आयुष्य कुणी परत केले, तर तो जितका खूश होईल, तितका हा माणूस आपले नाव हरवल्यामुळे झाला होता.

त्या रात्री मी घरी येऊन जुना धावफलक आठवत बसलो. एस. एम., एस. आर., व्ही. एल. आणि तेव्हा एक साधी गोष्ट ध्यानात आली. मधले अक्षर सर्वांनाच असते. ज्यांच्या सावलीत मुले घुसमटली असे आपण म्हणतो, त्या थोर बापांनाही ते आहे. मनोहर, रमेश, लक्ष्मण. म्हणजे तेही कुणाचे तरी मुलगेच, आणि ते अक्षर जगाला वाचावे लागले ते मुलांनी धावा काढल्या म्हणून. मुलाच्या नावात बाप राहतो हे खरे, पण त्याला तेथे जिवंत ठेवायचे काम मुलाकडेच असते.

माझ्या वडिलांनी शाळेच्या मुलांसाठी व्याकरणाचे एक छोटे पुस्तक लिहिले होते. त्याची एक प्रत माझ्या टेबलावर असते. परवा प्रथमच मी त्याचे मुखपृष्ठ नीट पाहिले. वडील आपले पहिले आणि मधले अक्षर सारख्याच आकाराचे लिहीत. ते मधले अक्षर माझ्या आजोबांचे. आजोबा कोरडवाहू जमीन कसत, आणि कागदावर सही करण्याऐवजी अंगठा उठवीत. त्यांना स्वतःचे हे अक्षर काढता येत नव्हते. ते तालुक्यातल्या घराघरांत छापून गेले.